भांडा, पण आमच्यासमोर भांडा



२०२३ सालचा फेब्रुवारी महिना. कांद्याच्या भावाचे पत्रक छापून घ्यायला मी पुण्याला नारायण पेठेत गेलो होतो. छापखाना ओळखीचा. मालक कागदाच्या गठ्ठ्यांमागून म्हणाले, "काका, आठ दिवस थांबा. मशीन रिकामं नाही. पोटनिवडणूक आहे ना!" बाहेर बोळात झेंडे, उपरणी, भोंगे. कसबा मतदारसंघाच्या प्रचाराला मुख्यमंत्र्यांपासून विरोधी पक्षनेत्यापर्यंत सगळे पेठांमध्ये उतरले होते. मी मजकूर पिशवीत घातला आणि एस.टी. धरली.

त्याच महिन्यात सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. भाव लागला किलोला एक रुपया. मोटारभाडे, हमाली, तोलाई कापून हातात पडला दोन रुपयांचा चेक. तोही पुढच्या तारखेचा. ही गोष्ट साऱ्या देशाच्या पेपरात आली. राज्याचे सगळे पुढारी त्या वेळी एकाच गावात जमले होते, पण भांडण वेगळ्याच गोष्टीवर चालले होते.

त्या भांडणाबद्दल आज लिहायचे आहे. कारण ते संपलेले नाही. प्रत्येक निवडणुकीआधी, प्रत्येक पक्षात, प्रत्येक जिल्ह्यात तेच भांडण पुन्हा मांडले जाते. आणि त्याचा खर्च आपल्या खात्यावर पडतो.

भांडण कशाचे?

नारायण पेठेतल्या केसरीवाड्याच्या घरातल्या मुक्ता टिळक भाजपच्या आमदार होत्या. आजारी असताना रुग्णवाहिकेतून मुंबईला जाऊन त्यांनी पक्षासाठी मतदान केले होते. २२ डिसेंबर २०२२ रोजी त्या वारल्या. तिकीट घरात मिळेल असे टिळक कुटुंबाला वाटत होते. शेजारच्या चिंचवडला त्याच वेळी आमदार लक्ष्मण जगताप वारले होते आणि तिथे तिकीट त्यांच्या पत्नीला मिळाले. कसब्यात मात्र हेमंत रासने यांना मिळाले. टिळकांच्या घरातून नाराजी बाहेर आली. मग पेठांमध्ये फलक लागले. कोथरूडला २०१९ साली मेधा कुलकर्णींचे तिकीट कापले, आता टिळकांचे कापले, उद्या बापटांचे कापणार काय, असा त्यांचा सूर होता. जातीचा हिशेब भिंतीवर चढला. २६ फेब्रुवारीला मतदान झाले. १९९५ पासून भाजपकडे असलेली जागा काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी सुमारे ११ हजार मतांनी घेतली.

हे वाचून काँग्रेसवाल्यांनी खूश व्हायचे कारण नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात धंगेकरांना पुन्हा तिकीट मिळाले, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या माजी महापौर कमल व्यवहारे अपक्ष उभ्या राहिल्या. रासने निवडून आले. २०२५ च्या मार्चमध्ये धंगेकर काँग्रेस सोडून शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्याविरुद्ध जिवाच्या आकांताने प्रचार केला, त्यांच्याच पंक्तीला जाऊन बसले.

आता मला सांगा, या साऱ्या मारामारीत एकाने तरी म्हटले का, की मला तिकीट द्या, कारण कांद्याच्या निर्यातीबद्दल माझे मत पक्षातल्या दुसऱ्या इच्छुकापेक्षा वेगळे आहे? विजेच्या बिलाबद्दल? पुण्याच्या मंडईत भाजी ज्या भावाने विकली जाते आणि मंचरच्या शेतकऱ्याला जो भाव मिळतो, त्यातल्या फरकाबद्दल? नाही. तिकीट कोणाच्या घरात, कोणाच्या जातीत, कोणाच्या गटात, एवढाच वाद. दोन भाऊ बांधावरून डोकी फोडतात, त्यात निदान बांध खरा असतो. इथे वितभर जमिनीचाही प्रश्न नाही.

याच पेठेतले दुसरे भांडण

पक्षात भांडण असू नये असे मी म्हणत नाही. ज्या घरात कोणी बोलतच नाही त्या घरात एकोपा असतो असे नाही, बहुतेक वेळा धाक असतो. भांडण हवे. पण कशावर आणि कोणासमोर, हे बघायला हवे.

केसरीवाडा लोकमान्य टिळकांनी १९०५ साली घेतला. त्याच्या दहा वर्षे आधी, १८९५ साली, पुण्यात सार्वजनिक सभेवरून केवढे रण माजले होते! एका बाजूला रानडे आणि गोखले, दुसऱ्या बाजूला टिळक. टिळकांच्या लोकांनी सभासदांच्या मतांवर सभा ताब्यात घेतली. रानडे-गोखल्यांच्या मंडळींनी बाहेर पडून डेक्कन सभा काढली. वर्तमानपत्रांतून एकमेकांची सालपटे निघाली. पण पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. तेव्हा ज्यांनी सभा जिंकली होती त्यांची माणसे खेड्यापाड्यांत गेली. सरकारच्याच दुष्काळी कायद्यात सारा तहकूब करण्याबद्दल काय लिहिले आहे, हे त्यांनी शेतकऱ्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितले. पीक बुडाले असेल तर सारा भरण्यासाठी घरदार विकू नका, म्हणाले. सरकार इतके बिथरले की १८९७ साली सभेची मान्यता काढून घेतली.

१९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली. जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या. अध्यक्ष कोण याचे भांडण होतेच. पण त्याच्या मुळाशी स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण या चार ठरावांचे काय करायचे हा वाद होता. जोडा वाईटच. पण तो कशासाठी उडाला हे शंभर वर्षांनी आपण सांगू शकतो. कसब्यातले फलक कशासाठी लागले, हे शंभर वर्षांनी कोणी काय सांगणार?

एका कागदाची किंमत

तिकीट म्हणजे काय? दोन कागद. ए फॉर्म आणि बी फॉर्म. ए फॉर्मवर पक्ष कळवतो की उमेदवारांची नावे देण्याचा अधिकार अमक्याला आहे. बी फॉर्मवर तो अमका उमेदवाराचे नाव लिहितो. हे कागद वेळेत पोचले तर चिन्ह मिळते, नाहीतर माणूस अपक्ष.

२०२३ च्या जानेवारीत नाशिक पदवीधर मतदारसंघात काय झाले ते आठवा. काँग्रेसने उमेदवारी दिली डॉ. सुधीर तांबे यांना. त्यांनी अर्जच भरला नाही. मुलगा सत्यजित तांबे अपक्ष म्हणून उभा राहिला आणि निवडून आला. आपल्याला पाठवलेले ए-बी फॉर्म दुसऱ्याच मतदारसंघाचे होते, असा आरोप त्यांनी केला. प्रदेश काँग्रेसने तो झटकला. त्यांचे मामा बाळासाहेब थोरात यांनी विधिमंडळ पक्षनेतेपदाचा राजीनामा दिला, प्रदेशाध्यक्ष नाना पटोले यांच्याशी त्यांचे जमेना. दोन आठवडे महाराष्ट्राला एकच प्रश्न पडला होता, पाकिटात कोणता कागद होता? त्या पाच जिल्ह्यांत, नाशिक-नगरपासून नंदुरबार-जळगावपर्यंत, कांदा आहे, ऊस आहे, केळी आहे, कापूस आहे. यातला एकही शब्द त्या पाकिटाच्या भांडणात आला नाही.

कोणी म्हणेल, पक्षाचे घरचे भांडण, शेतकऱ्याला काय त्याचे? मी सांगतो काय ते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने निवडून आलेला माणूस सभागृहात पक्षाच्या आदेशाने बांधला गेला. मत विरोधात दिले तर जागा जाते. सभागृहाबाहेर तो पुढच्या बी फॉर्मच्या भीतीने बांधला जातो. तोंड उघडले तर कागद दुसऱ्याला. म्हणजे निवडून येण्याआधी कागद, निवडून आल्यावर आदेश. मधल्या एका दिवशी तुम्ही बोटाला शाई लावून घेता, तेवढेच.

याचा परिणाम कांद्यात पाहिला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. ती उघडली ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि वर ४० टक्के शुल्क लावून. कांद्याच्या पट्ट्यातले सत्ताधारी खासदार काय करत होते? विनंत्या करत होते, निवेदने देत होते. उठून उभा राहून नाही म्हणणारा एकही नव्हता. दिंडोरीच्या मतदारांनी केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवारांना घरी बसवले. ठीक केले. पण ज्यांनी बंदी घातली ते दिल्लीत होते तिथेच राहिले. चाबूक बैलाच्या पाठीवर पडला, औत हाकणारा सुटला.

वर्ध्याचा प्रयोग

आपल्या देशात एकदा हे दार किलकिले झाले होते. २०१४ च्या लोकसभेआधी काँग्रेसने पंधरा-सोळा मतदारसंघांत उमेदवार मतदान घेऊन ठरवायचे असा प्रयोग केला. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. कापसाचा जिल्हा आणि सोयाबीनचा जिल्हा, दोन्ही आपलेच.

पण मत कोणाला होते? पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना आणि पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्यांना. साधा मतदार दाराबाहेर. वर्ध्यात जिंकले सागर मेघे, त्या वेळचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव. लोकसभेला ते पडले. काही महिन्यांत सारे मेघे घराणे भाजपमध्ये गेले, आणि धाकटे चिरंजीव त्याच वर्षी हिंगण्यातून भाजपचे आमदार झाले. वडोदऱ्यात तर कार्यकर्त्यांनी मतदान करून नरेंद्र रावत यांना निवडले. समोर नरेंद्र मोदी उभे राहणार असे ठरताच रावतांना बाजूला करून मधुसूदन मिस्त्रींना उभे केले. मग मतदान कशाला घेतले होते?

प्रयोग फसला, म्हणून कल्पना वाईट ठरत नाही. बी चांगले, पण खडकावर पेरले. ज्याच्या हातात आधीच पदे आहेत त्यालाच मत दिले तर निकालही त्याच्याच घरात राहणार. कायदा आयोगाने १९९९ सालच्या १७० व्या अहवालात पक्षांच्या आत लोकशाही कायद्यानेच आणा, असे सांगितले. कोणत्याही पक्षाच्या सरकारने तो अहवाल उघडला नाही. यावर मात्र सर्व पक्षांची एकी आहे!

दूरच्या शेतकऱ्यांनी काय केले

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायला पक्षाचे साधे मतदार सरकारी यंत्रणेच्या देखरेखीखाली मतदान करतात. तिथे नॉर्थ डाकोटा नावाचे गव्हाचे राज्य आहे. गव्हाची प्रत ठरवणार बाहेरचे गिरणीवाले, भाडे ठरवणार रेल्वे, व्याज ठरवणार बँका. आपल्या कापसाच्या ग्रेडिंगसारखीच कहाणी. १९१५ साली तिथल्या शेतकऱ्यांनी एक लीग काढली. त्यांनी नवा पक्ष काढला नाही. सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाच्या आतल्या मतदानातच स्वतःचा माणूस उभा केला, लिन फ्रेझर नावाचा शेतकरी. १९१६ च्या जूनमध्ये त्याने पक्षातल्या पुढाऱ्यांना हरवले, नोव्हेंबरात तो राज्यपाल झाला. तिथे राज्यपाल म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, निवडून आलेला. १९१९ साली त्यांनी राज्याच्या मालकीची बँक काढली, पुढे पिठाची गिरणी आणि कोठार उभारले. आजही दोन्ही चालू आहेत.

सरकारी बँक काढावी की नाही, यावर आपल्या बैठकीत वाद होईल, आणि व्हावा. अनेकांना वाटेल की शेतकऱ्याला सरकारची बँक नको, सरकारची लुडबूडच नको. शिवाय ती लीगही पुढे आपसातल्या वादाने खिळखिळी झाली आणि १९२१ साली त्याच फ्रेझरला मतदारांनी मुदतीआधी परत बोलावले. मी त्यांचा कार्यक्रम उचला म्हणत नाही. त्यांचा मुहूर्त ओळखा म्हणतो. ते तिकीट वाटून झाल्यावर जागे झाले नाहीत. तिकीट ठरायच्या आधी दारात जाऊन उभे राहिले.

आपले अंगण

आता दुसऱ्याला नावे ठेवताना आपले अंगण झाडू या. शेतकरी चळवळीने राजकारणात जावे की नाही, यावर आपण वर्षानुवर्षे वाद घातला. तो खरा वाद होता, मैदानात, लाखांच्या समोर झाला. १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष निघाला. २००४ च्या सुमारास स्वाभिमानी वेगळी झाली. २०१७ साली स्वाभिमानीतून रयत क्रांती वेगळी झाली. मग त्यातून आणखी. आज एका तालुक्यात बिल्ले इतके आहेत की कांद्याच्या आंदोलनाला कोणता लावायचा यावर अर्धा तास जातो.

प्रत्येक फुटीला तत्त्वाचे नाव दिले गेले. काही वेळा तत्त्व होतेही. पण छातीवर हात ठेवून सांगा, किती वेळा मूळ कारण एक जागा होती? विधान परिषद, महामंडळ, जिल्हा बँक? आणि त्यातल्या किती निर्णयांवर तुमच्या गावशाखेचे मत घेतले गेले? ज्याने बी फॉर्मच्या पाकिटाला हसायचे, त्याने आपल्या संघटनेतली नावे कोणत्या खोलीत ठरतात ते आधी विचारावे. विकास सोसायटीच्या निवडणुकीत अर्ध्या एकराच्या मालकालाही एक मत असते. पक्षातही नाही, संघटनेतही नाही, असे कसे चालेल?

बैठकीपुढे ठेवायचे

नुसती चीड कामाची नाही. म्हणून जिल्हा बैठकीपुढे तीन गोष्टी ठेवतो. पटल्या तर ठराव करा, नाही पटल्या तर खोडून काढा.

पहिली. सभा तिकिटाआधी घ्यायची. तिकीट मिळाल्यावर आलेला उमेदवार हात जोडतो, पण त्याचा सौदा दुसरीकडे झालेला असतो. तिकीट मिळायच्या आधीचा इच्छुक मात्र गरजू असतो. त्याला वर दाखवायला माणसे हवी असतात. त्याच वेळी सर्व पक्षांच्या सर्व इच्छुकांना बाजार समितीच्या आवारात एका ओट्यावर बोलवा. एकाच पक्षाचे पाच इच्छुक असतील तर पाचही. हार नाहीत, चहा आपला.

दुसरी. सगळ्यांना तेच चार प्रश्न. निर्यातबंदी आली तर पक्षाच्या विरोधात उघड बोलणार का? शेतमालाच्या आयातीचा निर्णय हंगामात झाला तर काय करणार? विजेबद्दल आणि कर्जाबद्दल तुमचे स्वतःचे म्हणणे काय? आणि चौथा, सगळ्यांत महत्त्वाचा. तुम्हाला तिकीट कोण देणार, आणि ते देताना तुमच्या पक्षाच्या या तालुक्यातल्या किती सभासदांना विचारले जाणार? उत्तरे लिहून घ्या, सही घ्या, छापा. जो येणार नाही त्याच्या नावापुढे "आला नाही" एवढेच छापा.

तिसरी. आधी आपल्या घरात. जिल्हाध्यक्ष कोण, उमेदवार कोण, पाठिंबा कोणाला, हे गावशाखांच्या गुप्त मतदानाने ठरवायचे. सभासदांची यादी चावडीवर लावायची. निकाल माझ्याविरुद्ध गेला तरी मी दुसरा बिल्ला छापणार नाही, असे प्रत्येक कार्यकर्त्याने बैठकीत उभे राहून सांगायचे. मी आजच लिहून देतो.

पुढारी भांडणारच. त्यांना भांडण बंद करा म्हणून हात जोडायला आपण जाणार नाही. त्यांना एवढेच सांगायचे, की बंद खोलीत भांडू नका. बाजाराच्या ओट्यावर या, मालाच्या ढिगाशेजारी उभे राहा आणि मग भांडा. आमच्या घामाच्या दामाबद्दल भांडा. कोण जिंकतो ते आम्ही बघतो.

ते पत्रक शेवटी तालुक्याच्या गावी छापून घेतले. कागद हलका होता, शाई पुसट आली. हे मात्र नीट वाचता येईल असे छापून आणले आहे. बैठकीला येताना बरोबर आणा, आणि ज्याने वाचले नाही त्याला वाचून दाखवा.